टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि रेकॉर्डिंग: घरच्या घरी जोडणी कशी करावी

नवा टीव्ही घरी आला, की दुकानाचा माणूस येतो, टीव्ही भिंतीवर टांगतो, एक वायर जोडून चित्र दाखवतो आणि कागदावर सही घेऊन निघून जातो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. साउंडबार जोडला की बॉक्सचा आवाज जातो, रेकॉर्डिंगसाठी हार्ड डिस्क लावली की बॉक्स तिला ओळखत नाही, जुना व्हीसीआर जोडला की चित्र काळेपांढरे येते, आणि शेवटी घरातली माणसे एकमेकांवर चिडून वायरी तशाच लोंबकळत ठेवतात. डिशपासून पडद्यापर्यंत आणि तिथून रेकॉर्डिंगपर्यंतची जोडणी कोणत्या क्रमाने करावी, हे नागपूरचे ऊन, वीज आणि घरे डोळ्यांसमोर ठेवून येथे सांगितले आहे. माझे ठाम मत असे आहे, की या त्रासाचे मूळ बहुतेक वेळा बिघडलेल्या उपकरणात नसते. चार वायरी एकाच वेळी जोडल्या जातात, कोणती वायर कुठून निघून कुठे जाते याची नोंद कोणीच ठेवत नाही, आणि मग दोष नेमका कुठे आहे हे शोधायला काही आधारच उरत नाही.

आधी कागद, मग वायर

वायरीला हात लावण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर घरातील प्रत्येक उपकरणासाठी एक चौकोन काढावा: टीव्ही, सेट टॉप बॉक्स, साउंडबार, हार्ड डिस्क, व्हीसीआर किंवा डीव्हीडी प्लेअर, वायफायचा राउटर. मग प्रत्येक उपकरणाच्या मागची बाजू मोबाइलच्या टॉर्चने नीट पाहून तिथे जे सॉकेट आहेत, त्यांची नावे जशी छापलेली आहेत तशीच त्या चौकोनात लिहावीत. ‘आउट’ लिहिलेल्या सॉकेटातून संकेत बाहेर पडतो आणि ‘इन’ लिहिलेल्या सॉकेटात तो शिरतो, त्यामुळे कागदावरचा प्रत्येक बाण आउटपासून इनकडेच गेला पाहिजे. हे सांगण्याइतके अवघड नाही असे वाटेल, पण व्हीसीआर आणि डीव्हीडी रेकॉर्डर यांच्या मागे सारख्याच रंगांच्या सॉकेटांच्या दोन रांगा शेजारी शेजारी असतात आणि भिंतीला टेकलेल्या शोकेसमागे हात घालून अंदाजाने वायर खोचणारा माणूस हमखास चुकीच्या रांगेत जातो.

टीव्ही भिंतीवर टांगण्याआधीच त्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवावा, कारण एकदा तो भिंतीला चिकटला की मागचे काहीही वाचता येत नाही. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळून त्यावर ‘बॉक्स ते टीव्ही, एचडीएमआय १’ असे बॉलपेनने लिहावे. स्केचपेनची शाई दमट हवेत पसरते, ती वापरू नये.

यानंतरचा नियम एकच आणि तो मोडू नये: एका वेळी एकच वायर जोडावी, चित्र आणि आवाज दोन्ही पाहावेत, आणि मगच पुढची वायर हातात घ्यावी. पुढची वायर जोडल्यावर काही बंद पडले, तर दोष त्या शेवटच्या पायरीत आहे हे आपोआप कळते.

गच्चीवरची बाजू

उपग्रहावरून येणारा संकेत नागपूरला दक्षिण आणि आग्नेय या दिशांच्या मधल्या पट्ट्यातून मिळतो. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, त्यामुळे नागपुरातून डिश उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १४५ अंशांवर, म्हणजे जवळजवळ आग्नेयेला वळवावी लागते आणि उपग्रह क्षितिजापासून साधारण ६० अंश उंचीवर असतो. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर असल्यामुळे त्यांची डिश जवळजवळ दक्षिणेकडे, सुमारे १६९ अंशांवर पाहते. पत्रा प्रत्यक्षात इतका वर वळलेला दिसत नाही, कारण घरगुती डिश ऑफसेट प्रकारची असते आणि ती दिसते त्यापेक्षा बरीच वरच्या आकाशाकडे पाहत असते. मोबाइलमधील होकायंत्राने दिशा पाहताना लोखंडी कठडा आणि पाण्याच्या टाकीचा सांगाडा यांच्यापासून चार पावले दूर उभे राहावे, नाहीतर काटा भलतीकडेच जातो.

शेजारचे कडुनिंबाचे झाड किंवा नवा मजला डिशच्या आड येतो का, हे ठरवण्याची एक खात्रीची पद्धत आहे. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस सूर्य आकाशात नेमका उपग्रहाच्या मागे येतो. फ्री डिशसाठी नागपुरात ती वेळ सकाळी अकराच्या पुढेमागे असते आणि तेव्हा काही मिनिटे चित्र आपोआप फुटते. त्या मिनिटांत डिशच्या पत्र्यावर झाडाची सावली पडत असेल, तर संकेताच्या वाटेत तेच झाड आहे. सावली नसेल, तर फांद्या तोडण्यात अर्थ नाही. दोष दुसरीकडे शोधावा. पावसाळ्यात मुसळधार सरीच्या वेळी चित्र जाणे हा बिघाड नाही, कारण या वारंवारितेचा संकेत पावसाचे थेंब शोषून घेतात. मात्र साध्या रिमझिमीतही चित्र जात असेल, तर डिश थोडी हललेली असते. उन्हाळ्यातल्या वावटळीनंतर हे नागपुरात वारंवार होते.

बॉक्सच्या मेनूमध्ये संकेताच्या दोन पट्ट्या दिसतात: एक शक्तीची, दुसरी दर्जाची. शक्तीची पट्टी भरलेली दिसली म्हणून समाधान मानू नये. डिश चुकीच्या उपग्रहाकडे वळलेली असली तरी ती भरलेली दिसते. डिश हलवताना नजर दर्जाच्या पट्टीवर ठेवावी, एका वेळी केसभरच हलवावे आणि दोन-तीन सेकंद थांबून पट्टी पाहावी.

डिशपासून बॉक्सपर्यंत येणारी जाड काळी किंवा पांढरी वायर आरजी ६ प्रकारची, ७५ ओहमची असते. तिच्या टोकाला स्क्रूसारखी फिरणारी जी पितळी पिन असते, तिच्यात घरगुती जोडणीतले निम्मे दोष दडलेले असतात असे मी म्हणेन. ती पिन काढून जवळून पाहावी. मधोमध तांब्याची एकच तार सरळ पुढे आलेली असावी, तिच्याभोवती पांढरे इन्सुलेशन गोल आणि स्वच्छ कापलेले असावे, आणि बाहेरच्या जाळीचा एकही केसासारखा धागा मधल्या तारेला टेकलेला नसावा. या वायरीतून केवळ संकेत खाली येत नाही. बॉक्स याच वायरीतून डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला, म्हणजे संकेत टिपणाऱ्या भागाला, १३ किंवा १८ व्होल्टचा वीजपुरवठा वर पाठवतो. जाळीचा एक धागा मधल्या तारेला लागला, की शॉर्टसर्किट होते, चित्र जाते आणि कधी कधी बॉक्सचा पुरवठ्याचा भाग जळतो. म्हणून ही पिन लावताना किंवा काढताना बॉक्सचा प्लग भिंतीतून काढलेला असावा. मधली तार हिरवी किंवा काळी पडली असेल, तर वायर दोन इंच कापून नवीन पिन लावावी. गच्चीवरच्या सांध्याला नुसती चिकटपट्टी पुरत नाही. पिनेवर रबरी टोपी बसवावी आणि वायर वर जाण्याआधी खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी त्या झोळातून गळून जाते.

येथेच आणखी एका गैरसमजाबद्दल सांगितले पाहिजे. एका डिशवर दोन बॉक्स चालवायचे असतील, किंवा एक कार्यक्रम पाहताना दुसरा रेकॉर्ड करणारा दोन ट्यूनरचा (ट्यूनर म्हणजे चॅनल पकडणारा भाग) बॉक्स असेल, तर एका वायरीला स्प्लिटर लावून काम भागत नाही. प्रत्येक ट्यूनर एलएनबीकडे आपल्या चॅनलनुसार १३ किंवा १८ व्होल्ट मागतो. दोघांनी एकाच वायरीवर वेगवेगळी मागणी केली, तर एकालाच चित्र मिळते आणि दुसऱ्याचे काही चॅनल दिसतात, काही दिसत नाहीत. दोन तोंडांचा एलएनबी आणि गच्चीवरून दोन स्वतंत्र वायरी हाच त्यावर उपाय आहे. ‘स्प्लिटरने होऊन जाते’ असे कोणी म्हणाले, तर त्याला आपल्यासमोर दोन्ही खोल्यांत वेगवेगळे चॅनल लावून दाखवायला सांगावे.

केबल असलेल्या घरांसाठी एवढेच, की केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात नागपूरचा समावेश होता आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती. तेव्हापासून केबलची वायर थेट टीव्हीच्या अँटेना सॉकेटात खोचून चॅनल दिसत नाहीत; प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र बॉक्स लागतो, आणि एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर चालत नाही.

वीज, अर्थिंग आणि कूलर

आजचे टीव्ही बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे त्यांना स्टॅबिलायझरची गरज फारशी नसते. धोका वीज क्षणभर उसळण्याचा आणि गडगडाटी वादळाचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात अवकाळीचे ढग जमले, की टीव्हीचा आणि बॉक्सचा प्लग तर काढावाच, पण डिशची वायरही बॉक्समधून सोडवून ठेवावी. स्पाइक बस्टर लावला म्हणून निर्धास्त राहू नये, कारण गच्चीवरून येणारी वायर त्याला वळसा घालून थेट बॉक्समध्ये शिरते.

दोन पिनांच्या प्लगवर चालणाऱ्या बॉक्सच्या धातूच्या भागाला बोट लावले, तर कधी कधी मुंग्या आल्यासारखे वाटते. अर्थिंग नसल्यामुळे त्या भागावर अत्यल्प प्रवाहाचा पण बऱ्याच व्होल्टचा दाब साचलेला असतो. अशा स्थितीत चालू उपकरणांमध्ये वायर खोचली, तर तो दाब टीव्हीच्या नाजूक भागातून मोकळा होतो. एव्ही वायरीच्या गोल पिनेत तर मधली सुई बाहेरच्या कड्याच्या आधी सॉकेटला टेकते, त्यामुळे झटका थेट संकेताच्या वाटेने जातो. टीव्हीचा एचडीएमआय सॉकेट निकामी होण्यामागे हे एक मोठे कारण असते आणि त्याची दुरुस्ती महाग पडते. म्हणून प्रत्येक वायर जोडण्यापूर्वी सर्व उपकरणांचे प्लग काढावेत, ती वायर जोडावी आणि मगच वीज द्यावी. महाल, इतवारी भागातील जुन्या घरांत तीन छिद्रांचा बोर्ड दिसला, तरी अर्थिंगची तार त्यात खरोखर जोडलेली आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावे.

कूलरचा उल्लेख नागपुरात टाळताच येणार नाही. मानेवाड्यातील एका परिचितांच्या घरी संध्याकाळच्या मालिकेचे रेकॉर्डिंग रोज मध्येच तुटत असे. बॉक्स बदलून झाला, हार्ड डिस्क बदलून झाली, तरी तेच. त्यांच्याकडे संध्याकाळी जाऊन बसल्यावर कारण समोरच घडले. बॉक्स आणि कूलर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर होते आणि त्या बोर्डचा प्लग भिंतीत ढिला बसत होता. आजींनी कूलरचे बटण दाबले, पंखा आणि पंप एकदम ओढ घेऊ लागले, बोर्डवरचा दिवा क्षणभर मंदावला आणि बॉक्स बंद होऊन पुन्हा सुरू झाला. कूलरला वेगळ्या बोर्डवर नेल्यावर तक्रार थांबली. कूलरची दमट हवा थेट टीव्हीच्या मागच्या बाजूवर येणार नाही, हेही पाहावे, कारण त्या ओलाव्याने सॉकेटांतील पितळेवर हिरवट थर चढतो. आणि मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या वर असताना, बॉक्स आणि हार्ड डिस्क काचेच्या बंद कप्प्यात एकमेकांवर ठेवू नयेत. दोहोंच्या मध्ये आणि वर चार बोटे तरी मोकळी जागा असावी.

एचडीएमआय: चित्र न येण्याची कारणे

बॉक्स आणि टीव्ही चित्र व आवाज दोन्ही नेणाऱ्या एका एचडीएमआय वायरीने जोडल्यावर ‘नो सिग्नल’ असे दिसले, तर पहिल्यांदा रिमोटवरील सोर्स किंवा इनपुट बटण दाबून, वायर ज्या क्रमांकाच्या सॉकेटात आहे तोच निवडलेला आहे ना, ते पाहावे. तो बरोबर असेल, तर दोन्ही प्लग काढून एक मिनिट थांबावे, आधी टीव्ही सुरू करावा, सोर्स निवडावा आणि मग बॉक्सला वीज द्यावी. जोडल्या जोडल्या ही दोन्ही उपकरणे एकमेकांना कोणते चित्र झेपते, हे विचारून घेतात. ती देवाणघेवाण अर्धवट राहिली, तर पडदा काळाच राहतो. त्यानंतर टीव्हीचा दुसरा सॉकेट आणि शेवटी दुसरी वायर, या क्रमाने पाहावे.

नव्या फोरके टीव्हीवर जुना बॉक्स चालत नसेल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये एक जागा पाहण्यासारखी आहे. एलजीच्या टीव्हीत तिला अल्ट्रा एचडी डीप कलर, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस आणि सोनीत एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट असे म्हणतात. ही सोय फोरके उपकरणांसाठी असते. जुना बॉक्स ज्या सॉकेटात आहे, त्याच्यापुरती ती बंद केली किंवा स्टँडर्डवर आणली, की चित्र अनेकदा लगेच येते.

वायर विकत घेताना सोन्याच्या मुलाम्याची जाहिरात पाहून जास्त पैसे देण्याचे कारण नाही. एचडी बॉक्ससाठी कोणतीही साधी, घट्ट बसणारी वायर पुरते. सेकंदाला ६० फ्रेमच्या फोरके चित्रासाठी १८ गिगाबिट झेपणारी प्रीमियम हाय स्पीड वायर आणि एचडीएमआय २.१ च्या नव्या गेमिंग उपकरणांसाठी ४८ गिगाबिटची अल्ट्रा हाय स्पीड वायर लागते. लांबी मात्र महत्त्वाची आहे: पाच मीटरपर्यंत अडचण सहसा येत नाही, त्याहून लांब वायर फोरके चित्राला भरवशाची नसते. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबरच्या गल्ल्यांत ढीगभर वायरी मिळतात. तिथे जाण्याआधी घरी सुतळीने अंतर मोजून जावे आणि त्यात अर्धा मीटर मोकळीक धरावी, पण ‘असू द्या’ म्हणून दहा मीटरची वायर आणून शोकेसमागे तिची गुंडाळी ठेवू नये.

चित्र आले, पण मराठी बातम्यांच्या चॅनलची खालची पट्टी अर्धी कापलेली दिसत असेल, तर टीव्ही चित्राच्या कडा कापून ते मोठे करत आहे. चित्राच्या सेटिंगमध्ये जस्ट स्कॅन, स्क्रीन फिट किंवा फुल पिक्सेल अशा नावाचा पर्याय असतो, तो सुरू करावा. माणसे रुंद आणि बुटकी दिसत असतील, तर बॉक्सच्या मेनूतील टीव्हीचा आकार १६:९ आहे का, ते पाहावे.

पिवळी, पांढरी, लाल

एचडीएमआय नसलेला बॉक्स, डीव्हीडी प्लेअर किंवा व्हीसीआर जोडण्यासाठी तीन रंगांची एव्ही वायर लागते: पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. नव्या टीव्हीच्या मागे मात्र पिवळे सॉकेट दिसतच नाही आणि लोक गोंधळतात. अनेक टीव्हींमध्ये हिरव्या सॉकेटालाच पिवळे सॉकेट जोडून टाकलेले असते. त्याच्याभोवती हिरव्यासोबत पिवळे कडे असते किंवा खाली ‘व्हिडिओ’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. तिथे पिवळी पिन लावून सोर्समध्ये एव्ही निवडावे. इतर टीव्हींत हेडफोनसारखे एकच बारीक छिद्र असते आणि त्यासाठी टीव्हीच्या खोक्यातच एक छोटी जोडवायर येते. ती टाकून देऊ नये आणि दुसरी कुठलीही वापरू नये. दिसायला सारख्या अशा वायरींत आतली जोडणी निरनिराळी असते. चुकीची वायर लावली, की स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते आणि पडद्यावर आडवे पट्टे नाचतात. नाइलाज असेल, तर पिवळी, पांढरी आणि लाल या पिना आळीपाळीने चित्राच्या सॉकेटात लावून पाहाव्यात. एखादीतून चित्र आले, तर उरलेल्या दोन आवाजाच्या समजाव्यात.

साउंडबार

टीव्हीवरील एचडीएमआय सॉकेटांपैकी ज्याच्यावर एआरसी किंवा ईएआरसी लिहिले आहे, म्हणजे ज्यातून टीव्हीचा आवाज बाहेर जाऊ शकतो, साउंडबार त्याच सॉकेटात लागतो. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे जोडलेली उपकरणे एकमेकांना चालवू शकतील अशी सोय, सुरू करावी लागते. प्रत्येक कंपनीने तिला वेगळे नाव दिले आहे: सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिमलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. शेवटी आवाजाचे आउटपुट साउंडबारकडे वळवावे. इतके करूनही आवाज येत नसेल, तर डिजिटल आवाजाचा प्रकार पीसीएम करून पाहावा. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, ही तक्रार असेल, तर टीव्हीच्या किंवा साउंडबारच्या सेटिंगमधील ऑडिओ डिले शून्यावर आणून तिथून सुरुवात करावी.

सीईसीमुळे एका रिमोटने सगळे चालू-बंद होते हे खरे, पण टीव्ही बंद करताच बॉक्सही झोपी जातो आणि त्याच्यासोबत रेकॉर्डिंग थांबते, असे काही जोडण्यांत घडते. रेकॉर्डिंग करायचे असेल, तर सीईसीमधील उपकरणे आपोआप बंद करण्याचा पर्याय तेवढा काढून टाकावा.

रेकॉर्डिंग: काय होते आणि काय होत नाही

हार्ड डिस्क घेण्यापूर्वी, आपल्या बॉक्समध्ये रेकॉर्डिंगची सोय आहे का, हे बॉक्सवरील मॉडेल क्रमांक पाहून कंपनीकडून विचारून घ्यावे. बॉक्सला यूएसबी छिद्र आहे म्हणजे रेकॉर्डिंग होते असे नाही. अनेक बॉक्समध्ये ते केवळ कंपनीच्या देखभालीसाठी असते. जिथे सोय असते, तिथेही पैसे भरून पाहिल्या जाणाऱ्या चॅनलचे रेकॉर्डिंग कूटबद्ध स्वरूपात साठते आणि ते त्याच बॉक्सवर चालते. डिस्क काढून संगणकाला लावली तर काही दिसत नाही, आणि बॉक्स बदलला तर जुने रेकॉर्डिंग हातचे जाते. एचडीएमआयमधील एचडीसीपी या संरक्षणामुळे बॉक्सची वायर कॅप्चर कार्डाला, म्हणजे चित्र संगणकात उतरवणाऱ्या उपकरणाला, लावली, तर बहुधा काळा पडदाच रेकॉर्ड होतो. ते संरक्षण काढून टाकण्याची साधने वापरू नयेत. हा कार्यक्रमाच्या स्वामित्वहक्काचा प्रश्न आहे आणि तो तसाच मानला पाहिजे. ज्यांना मोकळेपणाने रेकॉर्ड करायचे आहे, त्यांच्यासाठी फ्री डिशवरील एमपेग २ प्रकारचे विनाशुल्क चॅनल आणि यूएसबी रेकॉर्डिंग असलेला फ्री टू एअर बॉक्स हा सरळ मार्ग आहे.

डिस्क जोडताच बॉक्स ती फॉरमॅट करण्याची परवानगी मागतो आणि तिच्यावरचे सर्व पुसून टाकतो. घरातील लग्नाचे फोटो असलेली डिस्क कधीही बॉक्सला लावू नये. रेकॉर्डिंगसाठी वेगळी डिस्क असावी. यूएसबी २.० च्या छिद्रातून नियमानुसार ५०० मिलिअँपिअरच मिळतात आणि खिशातली हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करताना त्याहून अधिक मागते. डिस्कमधून टिक-टिक असा आवाज येत राहिला आणि बॉक्सला ती दिसेना, तर तिला स्वतंत्र वीज असलेला यूएसबी हब द्यावा. पेनड्राइव्हवर साधे रेकॉर्डिंग होते, पण एकीकडे रेकॉर्ड करत दुसरीकडे तेच मागून पाहायचे असेल, तर तो अडखळतो.

जागेचा हिशोब सोपा आहे. सेकंदाला ८ मेगाबिट वेगाने येणारे एचडी चित्र तासाला सुमारे ३.६ जीबी जागा घेते, म्हणजे अर्ध्या तासाच्या मालिकेचे आठवड्याचे सहा भाग ११ जीबीच्या आत मावतात. पहिले रेकॉर्डिंग महत्त्वाच्या सामन्याचे करू नये. दहा मिनिटांचे कोणतेही रेकॉर्डिंग वेळ लावून, टीव्ही बंद ठेवून करावे आणि ते अखेरपर्यंत पाहावे. वेळ लावताना सुरुवातीला दोन आणि शेवटी दहा मिनिटे जास्त धरावीत, कारण चॅनलवरील कार्यक्रम घड्याळाप्रमाणे संपत नाहीत.

जुन्या कॅसेट वाचवायच्या असतील तर

अनेक घरांत लोखंडी कपाटात १९९० च्या दशकातील मुंजी आणि लग्ने व्हीएचएस कॅसेटमध्ये पडून आहेत, आणि हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवले; आता जे चालू व्हीसीआर आहेत, तेवढेच आहेत. पहिल्यांदा कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पाहावे. कडेला पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले, तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये, कारण बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी. चांगली कॅसेटही एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून मगच चालवावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून राहिलेले वेढे सुटतात.

व्हीसीआरच्या ‘आउट’ रांगेतून पिवळी आणि पांढरी वायर यूएसबी कॅप्चर उपकरणाला आणि तिथून संगणकाला जोडावी. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात आधी पाहण्याची गोष्ट म्हणजे चित्राची पद्धत. भारतात पाल पद्धत होती, ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ फ्रेम. हे सॉफ्टवेअर मात्र पुष्कळदा एनटीएससी या अमेरिकी पद्धतीवर ठेवलेले असते आणि त्यामुळे चित्र काळेपांढरे, सरकणारे दिसते. पाल बी निवडावे, चित्राचा आकार ७२० बाय ५७६ ठेवावा आणि आवाजाचा स्रोत म्हणून संगणकाचा माइक नव्हे, तर कॅप्चर उपकरणच निवडलेले आहे ना, हे पाहावे. नाहीतर तीन तासांच्या लग्नात सनईऐवजी खोलीतल्या कूलरचा आवाज भरतो. सेकंदाला ८ मेगाबिट दर्जाने तीन तासांची कॅसेट सुमारे ११ जीबी होते. कॅसेट जितक्या वेळाची असेल, तितकाच वेळ कॉपी करायला लागतो. त्या वेळात संगणकावर दुसरे काम करू नये आणि त्याची झोपण्याची सेटिंग बंद ठेवावी.

चित्र मध्येच उड्या मारू लागले, तर व्हीसीआरवरील ट्रॅकिंगचे बटण हळूहळू फिरवून ते स्थिर करावे. कॉपी झाल्यावर फाइल एच.२६४ प्रकारच्या एमपी४ मध्ये बदलून पेनड्राइव्हने टीव्हीवर लावून पाहावी, कारण संगणकावर चालणारी प्रत्येक फाइल टीव्हीला वाचता येतेच असे नाही. पेनड्राइव्ह एफएटी ३२ प्रकारचा असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा किंवा फाइलचे भाग करावेत, मात्र आपला टीव्ही एक्सफॅट वाचतो का, ते आधी पाहावे. मूळ प्रत एका डिस्कवर आणि दुसरी वेगळ्या डिस्कवर ठेवावी, आणि संपूर्ण फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाजासह पाहून होईपर्यंत जुनी कॅसेट फेकू नये.